रुमालाखालचा हिशोब

(नागपूर येथे जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैलबाजारात दलाल रुमालाखाली हात घालतात, बोटे दाबतात आणि सौदा होतो. बैल तुमचा, पण भाव काय ठरला हे सगळ्यात शेवटी कळते तुम्हालाच. म्हणून तर आपण उघड लिलावाची मागणी करत आलो. आज मला एवढेच सांगायचे आहे, की या राज्यातला सगळ्यात मोठा रुमाल बैलबाजारात नाही. तो विधिमंडळात, आपल्याच पैशाच्या हिशोबावर टाकलेला आहे.

आपला पैसा कसा, असे कोणी विचारेल. काडेपेटीपासून कीटकनाशकापर्यंत आपण जे जे विकत घेतो त्यावर कर भरतो. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पदरात काय पडते ते सोडा, पण तिजोरी भरायला तोही आहे.

हा पैसा खर्च कसा होतो ते नीट समजून घ्या. मार्चमध्ये मुंबईला अर्थसंकल्प मांडला जातो. प्रत्येक खात्याची मागणी सभागृहापुढे येते. चर्चेचे दिवस ठरलेले असतात. वेळ संपली, की उरलेल्या मागण्या चर्चा न होताच मताला टाकतात आणि मंजूर करतात. मग वर्षाच्या मधे पुरवणी मागण्या येतात. १९५३ च्या नागपूर करारात वर्षातून निदान एक अधिवेशन नागपूरला घ्यायचे ठरले. विदर्भाचे प्रश्न इथे बसून सुटावेत हा त्यामागचा हेतू. प्रत्यक्षात डिसेंबर २०२३ मध्ये इथे ५५,५२० कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये ३५,७८८ कोटींच्या आल्या, आणि ते अधिवेशन चालले सहा दिवस. दिवसाला जवळजवळ सहा हजार कोटी! गावात शंभर रुपयांच्या वर्गणीवर यापेक्षा जास्त वेळ चर्चा होते.

आमदार म्हणतात, सभागृहात वेळ नसतो, म्हणून समित्या आहेत. खरे आहे. अंदाज समिती आहे. ती खर्चाचा अंदाज रास्त आहे का, काटकसर कुठे करता येईल, हे पाहते. लोकलेखा समिती आहे. महालेखापरीक्षकांचा अहवाल सभागृहात आला, की ती खात्याच्या सचिवाला बोलावून जाब विचारते. महामंडळांसाठी सार्वजनिक उपक्रम समिती आहे. यंत्रणा वाईट नाही. दोष दोन आहेत. पहिला, समितीची बैठक बंद दाराआड होते. सचिवाने काय उत्तर दिले, कोणत्या आमदाराने काय विचारले, कोण गप्प बसला, हे तुम्हा-आम्हाला कळत नाही. दुसरा, लोकलेखा समिती जागी होते ती पैसा खर्च झाल्यावर काही वर्षांनी. वेचणी आटोपल्यावर बोंडअळीची फवारणी करावी, तसे ते आहे.

आपल्या दारातले उदाहरण घ्या. गोसीखुर्द धरणाला १९८३ मध्ये मान्यता मिळाली, किंमत ३७२ कोटी. १९८८ मध्ये पायाभरणी झाली. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. २०१६ च्या सुधारित मान्यतेत किंमत गेली १८,४९४ कोटींवर. सिंचन व्हायचे होते अडीच लाख हेक्टरांचे. एक गोसीखुर्दच नाही. २००९ साली अवघ्या काही महिन्यांत विदर्भातल्या ३८ प्रकल्पांच्या किमती ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटी झाल्या.

विधिमंडळाने हे मंजूर कसे केले? विधिमंडळाला कोणी विचारलेच नाही! सुधारित प्रशासकीय मान्यता सरकार देते. सभागृह मंजूर करते तो त्या वर्षाचा हप्ता. म्हणजे ट्रॅक्टरची किंमत व्यापारी आणि शोरूमवाला परस्पर ठरवणार, आणि आपण फक्त दर वर्षी हप्त्यावर अंगठा उठवणार. पुढे २०१२ मध्ये बोभाटा झाला, श्वेतपत्रिका निघाली, चितळे समिती बसली, २०१४ मध्ये तिचा अहवाल सभागृहापुढे आला. तोवर पैसा गेला होता. बेंबळा असो की निम्न वर्धा, पाण्याची वाट पाहता पाहता एक पिढी म्हातारी झाली.

आता समितीचीच गोष्ट. मे २०२५ मध्ये अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर असताना तिथल्या शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत एक कोटी चौऱ्याऐंशी लाखांची रोकड सापडली. समितीच्या अध्यक्षांनी आरोप नाकारले, सरकारने विशेष तपास पथक नेमले. तो पैसा कोणाचा हे तपासाने सांगावे. मी कोणावर ठपका ठेवत नाही. मला एवढेच म्हणायचे आहे, की समितीचे कामकाज उघड असते, तिने कोणते काम पाहिले, कोणाला काय विचारले हे जिल्ह्याला रोज कळत असते, तर संशयाला जागाच राहिली नसती. दार बंद ठेवले, की प्रामाणिक आमदारही त्याच संशयात भरडला जातो. पुढच्याच महिन्यात मुंबईच्या विधान भवनात देशभरातल्या अंदाज समित्यांची परिषद भरली, ७५ वर्षांचा उत्सव झाला. उत्सव करा, पण दार उघडा.

दार उघडल्याने राज्य बुडत नाही. ब्रिटनच्या संसदेत लोकलेखा समिती सचिवांची साक्ष सगळ्यांदेखत घेते. केरळ विधानसभेत १९८० पासून विषय समित्या आहेत. लोकसभेने १९९३ मध्ये खात्यांच्या स्थायी समित्या नेमल्या. तिथे मागण्या मताला टाकण्याआधी समिती तपासते. आणि राजस्थानात, पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावात, १९९४ मध्ये साध्या शेतकरी-मजुरांनी हजेरीपत्रके भर सभेत वाचून दाखवली. माहितीच्या अधिकाराची चळवळ तिथून जोर धरून उठली.

म्हणून आपल्या मागण्या तीन. लोकलेखा आणि अंदाज समितीपुढची अधिकाऱ्यांची साक्ष उघड व्हावी. समिती जिल्ह्यात येणार असेल तर पंधरा दिवस आधी जाहीर करावे, आणि एक बैठक तहसीलच्या गावी लोकांसमोर घ्यावी. प्रकल्पाची किंमत वाढवायची असेल तर सुधारित मान्यतेआधी ती समितीपुढे यावी.

मागण्या करून घरी झोपू नका. समितीचा अहवाल सभागृहात मांडला, की तो सार्वजनिक होतो. तो मिळवा. त्यात आपल्या तालुक्यातल्या कामाचा उल्लेख असेल तर संबंधित खात्याकडे दहा रुपये भरून अर्ज करा : समितीच्या शिफारशीवर तुम्ही काय केले? तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. विधिमंडळाचा विशेषाधिकार पुढे करून नकार आला तर अपील करा. अर्ज खात्याच्या कारवाईबद्दल आहे, समितीच्या बैठकीबद्दल नाही, हे त्यात स्पष्ट लिहा. उत्तर आले की ते ग्रामसभेत मोठ्याने वाचा.

माती परीक्षणाला आपण सगळे शेत उकरून नेत नाही. दहा ठिकाणची मूठमूठ माती घेतो, त्यावरून शेत कळते. प्रत्येक तालुक्याने एकच काम निवडा : एक कालवा, एक पाझर तलाव, एक रस्ता. मंजूर किती, खर्च किती, पाणी किती शेतांना, एवढे तीन आकडे कागदावर मांडा. पुढच्या बैठकीला येताना तो कागद बरोबर आणा. अधिवेशन नागपूरला भरेल तेव्हा ते सगळे कागद घेऊन आपण आपापल्या आमदारासमोर उभे राहू आणि विचारू : समितीत तुम्ही आमच्यासाठी काय विचारले?