घर शोधताना भीती लपवू नका

आम्ही दोघी बहिणी. एक बँकेत काम करते, दुसरी घरी शिवणाचे क्लास घेते. आज आम्ही भाड्याचं घर शोधतानाची आमची फजिती सांगणार आहोत. ऐकून हसलात तरी चालेल, पण त्यातून आम्ही जे शिकलो तेवढं लक्षात ठेवा.

आमच्यातल्या धाकटीला बंद जागेची भीती आहे. काही वर्षांपूर्वी ती लिफ्टमध्ये अडकली होती. तेव्हापासून लिफ्टचं दार लागलं की छाती धडधडते, घाम सुटतो, आता गुदमरणार असं वाटतं. डॉक्टर याला फोबिया म्हणतात. आम्ही मात्र घरात त्याचं नावही काढत नव्हतो. लोक काय म्हणतील, एवढी मोठी बाई आणि लिफ्टला घाबरते!

पुण्यात कर्वेनगरला आम्ही आईसोबत राहत होतो. इमारत पुनर्विकासाला गेली आणि तीन महिन्यांत घर सोडायची वेळ आली. एजंट गाठला. तो एकामागून एक उंच इमारतीच दाखवायला लागला. खरं कारण कसं सांगायचं? आम्ही म्हटलं, "दादा, वर वारा फार असतो, आईला सोसत नाही." त्याने दुसऱ्या दिवशी सातव्या मजल्यावरचं, अजिबात वारा न येणारं घर दाखवलं! आम्ही रोज नवं कारण काढायचो आणि तो रोज त्यावर उपाय शोधायचा.

दोन महिने असेच गेले. शेवटी आठव्या मजल्यावरचं एक घर भाड्यात बसत होतं. धाकटी म्हणाली, "जमेल मला." आम्ही दहा हजार रुपये टोकन दिलं. दोन दिवसांनी ती एकटी जिना चढून बघायला गेली. जिना चारही बाजूंनी बंद, मधले दिवे गेलेले. चौथ्या मजल्यावरूनच ती परत फिरली आणि खाली पार्किंगमध्ये बसून रडली. घर सोडलं. मालकांनी टोकन परत दिलं नाही. चूक आमचीच होती, भांडणार कोणाशी?

त्या संध्याकाळी आम्ही एजंटला सगळं खरं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "ताई, पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझं पेट्रोल आणि तुमचे पैसे वाचले असते." मग त्यानेच विचारलं, "जिना बंद असला तर चालेल का? बाथरूमला खिडकी लागेल का?" हे आमच्याही डोक्यात आलं नव्हतं. आमची भीती त्याच्या लेखी पाणी, पार्किंग यांसारखीच एक गरज होती.

तुमच्याही घरी कोणाला लिफ्टची, उंचीची किंवा कुत्र्यांची भीती असेल, तर पहिल्याच भेटीत एजंटला सांगा. आजार, औषधं, जुन्या गोष्टी सांगायची गरज नाही. "लिफ्ट चालणार नाही, उजेडाचा जिना हवा," एवढं पुरे. घर बघायला जाण्याआधी जिन्याचा व्हिडिओ मागवा. मजला नीट विचारा. खाली दोन मजले पार्किंग असेल, तर एजंटचा पहिला मजला तुमच्या पायांना त्याहून वरचा पडतो. जिना दिवसा बघा, तसाच रात्रीही बघा. जिला भीती वाटते तिने स्वतः चढून पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका, आणि दिलंत तर ते परत कधी मिळेल हे लिहून घ्या. एजंटची दलालीही आधीच ठरवा. करार नोंदणीकृतच हवा, आपल्या राज्यात कायद्यानेच तो तसा करावा लागतो.

आणखी एक अडचण होती. बिनलिफ्टच्या जुन्या इमारतीत तिसरा मजला धाकटीला चालला असता, पण आईच्या गुडघ्यांचं काय? म्हणून लिफ्टही हवी आणि घरही खाली हवं. एजंटने आठ दिवसांत असं घर काढलं. पहिला मजला, खाली एकच पार्किंग, जिन्याला मोठ्या खिडक्या. घर रस्त्यावर आहे, गाड्यांचा आवाज येतो, भाडंही दीड हजार जास्त आहे. पण धाकटी दिवसातून दहा वेळा बिनधास्त खाली जाते.

घर मिळालं म्हणून भीती गेली, असं मात्र नाही. भीतीपासून पळत राहिलं की ती वाढतच जाते. म्हणून आम्ही समुपदेशकांकडे गेलो. त्यांनी पायरी-पायरीने सराव दिला. आधी लिफ्टसमोर नुसतं उभं राहायचं, मग दार उघडं ठेवून आत जायचं, मग बहिणीचा हात धरून एक मजला. आज धाकटी एक मजला जाते. दुसऱ्या मजल्याला अजून वेळ आहे, आणि आम्हाला घाई नाही. तुम्हाला कोणाशी बोलावंसं वाटलं, तर सरकारची टेलिमानस ही मोफत हेल्पलाइन आहे. नंबर १४४१६. मराठीतही बोलता येतं.

मैत्रिणींनो, घरात किती खोल्या हव्यात हे आपण न लाजता सांगतो. मग ज्या घरात रोज राहायचं, तिथे आपल्याला कशाची भीती वाटते हेही सांगूया. लपवण्यापायी आमचे दहा हजार गेले, तुमचे जाऊ नयेत.