ग्रुप वाढले, बोलणारे कमी झाले

मी बुलढाणा जिल्ह्यातला, बी.टेक. झालेला, नोकरीने सॉफ्टवेअर इंजिनिअर. आज बोलणार आहे माझ्याच एका चुकीबद्दल.

कॉलेजच्या दोन मित्रांसोबत मी आपल्या जिल्ह्यापुरतं एक छोटं सोशल अ‍ॅप बनवलं होतं. चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर इकडची जेमतेम ३०० माणसं. सुरुवातीला फीड एकच. लोणार सरोवराचे फोटो, कापसाचे भाव, एमपीएससीच्या नोट्स, सगळी खिचडी. मग तक्रारी यायला लागल्या, "भाव नको, आम्हाला फक्त नोट्स दाखवा." मला वाटलं, हे तर सोपं आहे. एका रात्रीत १२ ग्रुप उघडले.

पहिला आठवडा मस्त गेला. नंतर शांतता. गणित साधं आहे बघा. ३०० माणसं, १२ ग्रुप, म्हणजे ग्रुपमागे २५. त्यातले बहुतेक नुसतेच वाचणारे. मग बोलणार कोण?

त्याच पावसाळ्यात माझ्या मामाने सोयाबीनच्या ग्रुपमध्ये पिवळ्या पडलेल्या पानांचा फोटो टाकला. दोन दिवस कोणीच उत्तर दिलं नाही. मामाचा फोन आला, "बाबू, तुह्या अ‍ॅपवर इचारलं, कोनं कायच नाही सांगतलं."

गंमत म्हणजे उत्तर देणारा मुलगा अ‍ॅपवरच होता. बीएससी अ‍ॅग्री झालेला, पण बसलेला एमपीएससीच्या ग्रुपमध्ये. मी फोटो त्याला पाठवला. त्याने पाच मिनिटांत सांगितलं, हा पिवळा मोझॅक दिसतोय, पांढऱ्या माशीमुळे पसरतो, रोगट झाडं उपटा, पिवळे चिकट सापळे लावा. तोपर्यंत रोग शेजारच्या तासांत गेला होता. त्या दोघांच्या मधली भिंत मीच बांधली होती.

मग मी 'मायबोली' नीट बघितली. १९९६ पासून चालू असलेली मराठी साइट. तिथे पाककृती, कविता, बागकाम, गावागावांचे असे कितीतरी ग्रुप आहेत. तरी ती तुटली नाही. का? मला दोन गोष्टी दिसल्या. एक, ग्रुपमधलं नवीन वेगळं बघता येतं, तसं पूर्ण मायबोलीवरचं नवीनही एका जागी दिसतं. दुसरी, गणेशोत्सव. दरवर्षी सदस्यच संयोजक होतात, स्पर्धा आणि उपक्रम ठेवतात. रोज फक्त रेसिपी वाचणारी व्यक्ती त्या दिवसांत कविता लिहिणाऱ्याच्या शेजारी येऊन बसते. आपल्या गावात नाही का, प्रत्येकाचं घर वेगळं, पण पार एकच असतो.

म्हणून आम्ही १२ पैकी ९ ग्रुप बंद केले. मुख्य फीडला नाव दिलं 'पार'. आता ग्रुपमधला प्रश्न सहा तास बिनउत्तराचा राहिला की तो आपोआप पारावर येतो. नवीन ग्रुप मागितला, तर आधी बघतो की त्या विषयावर पारावर रोज बोलणं होतंय का. गर्दी झाली तरच वेगळी खोली.

एक अपवाद ठेवला. महिलांचा ग्रुप पूर्ण बंदिस्तच आहे, त्यातलं काहीच पारावर येत नाही. कारण तिथे विचारलेले प्रश्न ३०० लोकांसमोर कोणी विचारलेच नसते. अशा ठिकाणी भिंत हवीच.

तर ग्रुप वाईट की चांगले? माझं उत्तर असं आहे: मोठ्या शहराला गल्ल्या लागतात, छोट्या गावाला आधी पार लागतो. लोक कमी असताना त्यांची विभागणी करू नका, त्यांची गाठ घालून द्या.

मामाने यंदा पुन्हा फोटो टाकला. पारावर. अर्ध्या तासात चार उत्तरं आली. त्यातलं एक मलकापूरच्या एका मोबाइल रिपेअरवाल्याचं होतं, त्याचंही वावर आहे म्हणे!

तुमच्या गावच्या ग्रुपचं काय झालं, तेही मला नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात.