जबड्याचे व्यंग : शस्त्रक्रियेचा क्रम
(दिघी, जि. रायगड येथील व्याख्यानाचा मजकूर)



खालचा जबडा पुढे आलेला, हनुवटी खुजी राहिलेली किंवा चेहरा एका बाजूस झुकलेला अशी मुले किनाऱ्यावरील गावांतही आढळतात. त्यांना घास नीट चावता येत नाही, काही उच्चार अडखळतात. परंतु पालक डॉक्टरांकडे येतात ते बहुधा लग्नाचा विषय निघाल्यावर, आणि शस्त्रक्रिया येत्या सुट्टीतच उरकावी असा त्यांचा आग्रह असतो.

हा उपचार असा उरकता येत नाही. मुलींच्या जबड्याची वाढ साधारणतः 16-17 व्या वर्षी, तर मुलग्यांची 18 ते 21 च्या दरम्यान थांबते. पुढे आलेला खालचा जबडा त्यापूर्वी मागे घेतला, तर तो पुन्हा वाढतो आणि सारा खटाटोप दुसऱ्यांदा करावा लागतो.

वाढ थांबल्यावर लगेच शस्त्रक्रिया नव्हे, तर आधी दातांना तारा. जबड्याचे व्यंग झाकण्यासाठी निसर्गाने दात तिरपे केलेले असतात. ते आपापल्या हाडावर सरळ उभे करण्यास वर्ष-दीड वर्ष जाते. या काळात व्यंग कमी होण्याऐवजी अधिकच उघडे पडते! दिघीहून तरीने आगरदांडा, तेथून मुंबई, प्रत्येक खेपेस बुडणारी मजुरी, आणि वर मुलाचा चेहरा बिघडत चाललेला. अशा वेळी पालकांचा धीर सुटला तर नवल नाही. म्हणून डॉक्टरांनी ही गोष्ट पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावयास हवी.

दोन्ही जबडे हलवावयाचे असतील तर आधी कोणता? झुरिचचे शल्यचिकित्सक ह्यूगो ओब्वेगेझर यांनी 1970 मध्ये दोन्ही जबड्यांवर एकाच वेळी शस्त्रक्रिया करण्याची पद्धत मांडली. रूढ पद्धतीत आधी वरचा जबडा सुटा करून नव्या जागी बसवितात. तेव्हा खालचा जबडा मूळ जागी असल्याने तोच मापाचा आधार ठरतो. प्लॅस्टरच्या साच्यांवर, आणि आता संगणकावर, आगाऊ बेतलेली एक पट्टी दातांमध्ये ठेवून ही जागा निश्चित होते. टायटॅनियमच्या पट्ट्यांनी वरचा जबडा पक्का केल्यावर दुसऱ्या पट्टीच्या आधारे खालचा जबडा त्याला जुळवितात. काही रुग्णांत हा क्रम उलटाही ठेवतात. मात्र त्यासाठी खालचे हाड आरंभीच भक्कम जखडता आले पाहिजे.

छेद बहुतांशी तोंडाच्या आतून घेतात, त्यामुळे चेहऱ्यावर सहसा व्रण उरत नाही. खालच्या ओठाला बधिरपणा येतो. तो बहुतेकांत हळूहळू कमी होतो, काहींत थोडा कायम राहतो. काही आठवडे मऊ आहार, आणि पुढे आणखी काही महिने तारा.

दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या मुलांचा क्रम निराळा आहे. ओठ तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात, टाळू सुमारे वर्ष-दीड वर्षाच्या आत, हिरडीतील हाडाची फट आठ ते अकराव्या वर्षी, आणि जबडा सर्वांत शेवटी. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश आहे. अंगणवाडी व शाळेतील तपासणी पथकाला असे मूल अवश्य दाखवावे. मोठ्यांसाठी मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय आहे. जाताना आधीचे एक्स-रे व कागदपत्रे सोबत न्यावीत, आणि एकूण किती खेपा पडतील हे प्रथमच विचारून घ्यावे.