पाण्यासारखी स्वच्छ!



चारचौघांत लघवीचे नाव काढणे आपल्याला अप्रशस्त वाटते. परंतु ज्याची लाज वाटते, तेथेच रोग निर्धास्तपणे घर करतो. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम निवडला.

आमचे एक वडीलधारे स्नेही अभिमानाने सांगत, "रात्री तीनदा उठावे लागते खरे, पण लघवी कशी पाण्यासारखी स्वच्छ!" आम्हीही मान डोलावीत असू. पुढे रक्त तपासले, तेव्हा मूत्रपिंडे बरीच झिजलेली आढळली.

मग स्वच्छ लघवी वाईट काय? तसे नव्हे. मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला बहुतेक परत घेऊन दीड-दोन लिटरच बाहेर टाकतात. जाणता पाटकरी पाणी मुबलक असता सोडतो, टंचाईत राखतो. तशीच ही व्यवस्था.

लघवीचा दाटपणा 'विशिष्ट गुरुत्वा'ने मोजतात. शुद्ध पाण्याचे ते १.०००, निरोगी माणसाच्या लघवीचे साधारणतः १.००५ ते १.०३० यांच्या दरम्यान हलत असते. पाणी भरपूर प्यालो की पातळ, घाम गाळला की दाट. हे हलते राहणे हेच आरोग्य! मूत्रपिंडे झिजली म्हणजे ही शक्ती उणावते आणि आकडा १.०१० च्या आसपास खिळून बसतो. दाट करता येत नाही, म्हणून तेवढाच मळ बाहेर टाकण्यास पाणी अधिक लागते आणि माणूस रात्री उठत राहतो.

चरकसंहितेतील वीस प्रमेहांत पाण्यासारख्या लघवीचा 'उदकमेह' आहेच. शिवाय मेंदूतळच्या पीयूषिका ग्रंथीतून येणारा, पाणी राखण्याची आज्ञा देणारा स्राव कमी पडला, तरीही लघवी अशीच पातळ होते.

मात्र एका तपासणीने घाबरू नये. निजताना तांब्याभर पाणी प्याल्यानेही रात्री उठावे लागते. उतारवयातील पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यानेही. परीक्षेसाठी आपल्या मनाने पाणी तोडणे तर धोक्याचेच. पहाटेची पहिली लघवी नेहमीच फिकी असेल, तर वैद्यकीय सल्ल्याने लघवी, रक्तातील क्रिएटिनीन, साखर व रक्तदाब तपासून घ्यावेत. मधुमेह आणि रक्तदाब असलेल्यांनी तर काही त्रास नसतानाही वर्षातून एकदा.

झिजलेले मूत्रपिंड सहसा पूर्ववत होत नाही. वेळीच कळले, तर पुढची झीज मात्र पुष्कळ लांबविता येते. आमच्या स्नेह्यांना हे उशिरा कळले. आपणांस आज कळले, एवढेच या व्याख्यानाचे सार्थक.