गोळी तीच, शरीर वेगळं

डोकं दुखलं की घरात सगळ्यांसाठी गोळ्यांची एकच पट्टी बाहेर निघते. पण गोळी तीच असली, तरी प्रत्येक शरीर ती सारख्याच वेगानं पचवत नाही.

पॅरासिटामॉलचंच घ्या. यकृत या औषधाला साखरेपासून बनलेल्या एका आम्लाची जोड देतं आणि मग ते लघवीवाटे बाहेर पडतं. गरोदरपणात हे काम वेगानं चालतं. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या तरुणींमध्येही तसंच. म्हणून गोळीचा अंमल लवकर ओसरल्यासारखा वाटू शकतो. पण तेवढ्यावरून मनानंच जादा गोळी घेऊ नका.

कॅफिनचं नेमकं उलट. ते मोडणारं यकृतातलं एन्झाइम गरोदरपणी मंदावतं. कॅफिन मिसळलेली गोळी आणि वर दोन कप चहा, तर ते कॅफिन रक्तात बराच काळ रेंगाळतं.

कोडीन या आणखी एका वेदनाशामकाचं यकृतात मॉर्फिन होतं आणि ते अंगावरच्या दुधातून बाळापर्यंत पोहोचू शकतं.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्यांचा धोका वेगळा आहे. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर त्यांनी पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये तसा इशारा दिला आहे.

तेव्हा मैत्रिणींनो, दुकानातून गोळी घेण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर सांगा: दिवस गेलेत का, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत का.