यंत्र बदलले तरी विद्या टिकावी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील अनेक तरुण-तरुणी आज संगणकाच्या आज्ञावल्या लिहून चरितार्थ चालवीत आहेत. त्यांच्या विद्येच्या इतिहासातील एक प्रकरण आम्हांस बोधप्रद वाटले, ते आपणांपुढे ठेवतो.

सन १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ ही संगणकाचा कारभार पाहणारी प्रणाली रचण्यास आरंभ केला. प्रथम ती एका विशिष्ट यंत्राच्याच बोलीत लिहिलेली होती. १९७३ मध्ये तिचा गाभा रिची यांच्या ‘सी’ भाषेत नव्याने लिहिला गेला, आणि पुढे ती निराळ्या घडणीच्या यंत्रांवर नेणे सुकर झाले. तरी मार्ग निष्कंटक नव्हता. कोठे पूर्णांक सोळा बिटांचा, कोठे बत्तीस बिटांचा. शिवाय अक्षरांच्या जोडीचा क्रमही यंत्रागणिक उलटा! ‘यू-एन-आय-एक्स’ छापू गेले असता ‘एन-यू-एक्स-आय’ उमटले, अशी कथा या क्षेत्रात प्रसिद्ध आहे.

पुढे एका युनिक्सच्या अनेक शाखा झाल्या. बेलची एक, बर्कले विद्यापीठाची दुसरी, निरनिराळ्या कंपन्यांच्या आणखी कितीतरी. एकीवर चालणारी आज्ञावली दुसरीवर अडू लागली. तेव्हा १९८८ मध्ये ‘पॉझिक्स’ नामक समान नियमावली सिद्ध झाली. जेथे शाखाभेद उरले, तेथे जाणत्यांनी एक युक्ती योजिली. “ही शाखा कोणती?” असे न विचारता “येथे अमुक सोय आहे काय?” असे आज्ञावलीने आधी तपासावे. परक्या घरी रांधावयास गेलेली सुगरण घराण्याची चौकशी करीत बसत नाही. पाटा आहे की खलबत्ता, एवढे पाहून वाटण करते. तसेच हे.

आता आपल्या घरचे पाहू. वाडवडिलांच्या मोडीतील वह्या कित्येक घरांत आहेत. वाचणारे मात्र विरळा. मंडळाची कुटुंबसूची संगणकावर घेण्याचा विचार चालू आहे. ती एकाच कंपनीच्या आज्ञावलीत वा एकाच टंकात अडकविली, तर नातवंडांपुढे तीच मोडी पुन्हा उभी राहील. म्हणून ती युनिकोडमधील देवनागरीत, कोणत्याही यंत्रावर उघडेल अशा साध्या स्वरूपात ठेवावी, आणि हे कार्य आपल्या तरुणांनी अंगावर घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.