शिकायला गेलेल्या लेकरांचा पैसा : जून ते दिवाळीची चार महिन्यांची फट

गडचांदूर, कोरपना, राजुरा आणि जिवतीच्या डोंगरावरच्या गावांतल्या सगळ्या गटांच्या ताई, माय-मावश्यांनो, स्वयंपाक आटोपला असेल तर बसून ऐका, नसेल तर चुलीपाशीच रेडिओ ठेवा.

आज बोलायचं आहे शिकायला बाहेर गेलेल्या आपल्या पोरापोरींच्या पैशाबद्दल. बारावी झाली की कोणी चंद्रपूरला जातं, कोणी नागपूरला, कोणी गडचिरोलीला. खोली, खाणावळ, गाडीभाडं, वह्या-पुस्तकं. सतरा-अठरा वर्षांच्या लेकराच्या हातात पहिल्यांदाच पैसा येतो आणि तो महिनाभर कसा पुरवायचा हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं. आपण मात्र गटात तेच शिकलो आहोत. म्हणून हा विषय आपलाच आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. जूनच्या बैठकीत कर्जाच्या मागण्या आल्या की बहुतेक दोनच कारणं निघतात, बी-खत आणि ॲडमिशन. दोन्ही खर्च एकाच महिन्यात. वावरातून पैसा कधी येतो? सोयाबीन निघते दसरा-दिवाळीच्या सुमारास. कापसाचा पैसा खरा हातात पडतो दिवाळीनंतर. तेंदूपत्त्याची मजुरी उन्हाळ्यात मिळते, ती पावसाळ्याच्या तोंडावरच संपते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरला तरी पैसे खात्यात पडायला महिने लागतात. म्हणजे जून ते दिवाळी हे चार महिने घरात पैसा येत नाही आणि कॉलेजचा खर्च मात्र रोज चालू असतो.

पोरी कॉलेज सोडतात ते बहुतेक याच चार महिन्यांत. "दिवाळीला आली अन् मग गेलीच नाही," हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. वर्षाचा हिशेब पाहिला तर कितीतरी घरांत तिला शिकवण्याइतका पैसा असतो. फक्त तो वेळेवर नसतो. हे ओळखलं की अर्धा मार्ग सापडतो.

आपल्या चंद्रपूरला १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. दरवर्षी त्या दिवसांत आपल्या भागातून किती माणसं दीक्षाभूमीवर जातात ते तुम्हाला ठाऊकच आहे. हेच बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला शिकायला गेले तेव्हा बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्यातून राहणं, जेवण, पुस्तकं. पुढे लंडनला शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धवट ठेवून परत यावं लागलं. केवढा हुशार विद्यार्थी, पण पैसा थांबला आणि शिक्षण थांबलं.

त्यांनी मग काय केलं? मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० प्राध्यापकी केली आणि पगारातून बचत केली. छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. तेव्हा १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि राहिलेलं शिक्षण पूर्ण केलं. इकडे मुंबईत थोडक्या पैशात संसार ओढला तो रमाबाईंनी. बचत, मदत, उसनवारी आणि घरची काटकसर, अशा चार आधारांवर ते शिक्षण उभं राहिलं. आपल्या लेकरांनाही हेच चार आधार लागतात.

आता हिशेबाकडे येऊ. शासनाच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे, आणि ओबीसी मुलामुलींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. नागपूरसारख्या मोठ्या शहरासाठी स्वाधारची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरलेली आहे. त्यात जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,००० आणि बाकी निर्वाहाचे ८,०००. लहान शहरांसाठी रक्कम कमी होते. साठ हजार ऐकले की खूप वाटतात. पण कॉलेजचे दहा महिने धरून भागा. जेवणाला महिना ३,२००, खोलीला २,०००, बाकी सगळ्याला ८००. एकूण ६,०००. आता सांगा, यात मोबाईलचा हप्ता बसतो का?

काही लेकरांना तर जेवणाचा हिशेबही स्वतःच करावा लागतो. २०१८ पासून अनेक आदिवासी वसतिगृहांत खाणावळीऐवजी जेवणाचे पैसे विद्यार्थ्याच्या खात्यात देणं सुरू झालं. त्याविरुद्ध त्याच वर्षी मुलामुलींनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला होता. त्यांचं दुःख साधं होतं. पैसे उशिरा आले तर त्या दिवसांत जेवायचं काय?

म्हणून आपली गटाची पंचसूत्री लेकरांना शिकवू या. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. पाचही त्यांच्या खोलीवर लागू होतात.

पहिलं, बैठक. महिन्याची एक तारीख ठरवा. त्या दिवशी आई आणि पोरगी फोनवर दहा मिनिटं फक्त पैशाचं बोलतील. घरात किती आहे, पुढचे पैसे कधी येतील, हे लेकराला खरं सांगा. "तू अभ्यास कर, पैशाचं आम्ही पाहून घेऊ," असं म्हणतो आपण मायेने, पण मग लेकरू अंधारात राहतं. सोयाबीन पावसात भिजली हे त्याला दिवाळीत कळण्यापेक्षा त्याच आठवड्यात कळलेलं बरं.

दुसरं, बचत. पैसे एकदम आले की आधी चार वाटे करायचे. खोलीभाडं, पोट, प्रवास-वही, आणि चौथा वाटा राखीव. राखीव म्हणजे पुढच्या जून-ऑक्टोबरसाठीचा. थोडा का असेना, पण आधी बाजूला काढायचा. उरलं तर टाकू म्हटलं की उरत नाही, हे आपण गटात रोज पाहतो. जेवणाचे पैसे महिन्याऐवजी आठवड्याने काढायचे. म्हणजे दहा तारखेला खिसा रिकामा होत नाही.

तिसरं आणि चौथं, कर्ज आणि परतफेड. इथे एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. पोरीच्या खात्यात शिष्यवृत्ती आली की घरून फोन जातो, "फवारणीला पाहिजेत, पाठव." अडचण खरी असते, कोणी हौसेने मागत नाही. पण तो पैसा तिच्या ताटातला आहे. घ्यावाच लागला तर वहीत लिहून घ्या, किती घेतले आणि कापूस विकल्यावर कोणत्या आठवड्यात परत देणार. गटाचं कर्ज आपण बुडवत नाही, मग लेकीचं का बुडवावं?

पाचवं, हिशेब. रोज झोपताना चार ओळी. आला, गेला, कशावर गेला, उरला. पोरगा असो की पोरगी. पुष्कळ घरांत पोराला पैसे न विचारता जातात आणि पोरीला दहा रुपयांचा हिशेब द्यावा लागतो. वही दोघांनाही सारखीच हवी.

आणि मैत्रिणींनो, काटकसर कुठे करायची नाही हेही सांगा. पैसे संपत आले की पोरगा उसने मागतो, पोरगी मात्र बहुधा एक वेळचं जेवण सोडते आणि घरी सांगत नाही. म्हणून फोनवर "किती खर्च केलास?" याआधी "आज काय जेवलीस?" हे विचारा. पॅड, दवाखाना आणि रात्री उशीर झाला तर ऑटो, हे तिन्ही खर्च चैनीचे नाहीत. ते आधीच यादीत लिहा, म्हणजे तिला मागायला लाज वाटणार नाही.

घरून काय देता येतं तेही हिशेबात धरा. तुरीची डाळ, तांदूळ, ज्वारीचं पीठ, तिखट, लोणचं. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातल्या मुलांसाठी गावोगावच्या बाया रोज एक मूठ धान्य बाजूला काढत. त्याला मुष्टिफंड म्हणत. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या पोटासाठी आपलं सोनं मोडलं होतं. मूठभराला किंमत असते ती अशी.

प्रवासाचंही पाहा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. विद्यार्थ्यांच्या महिन्याच्या पासवर त्याहून मोठी सवलत मिळते. खोली करायची की जाणं-येणं करायचं, हे दोन्ही हिशेब शेजारी मांडून ठरवा. मात्र शेवटची गाडी किती वाजता आहे आणि प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं, तेही त्याच कागदावर लिहा. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ झाली. पण माफ होते ती फी. भाडं आणि जेवण माफ होत नाही.

कागदपत्रांचं काम उन्हाळ्यातच करा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, आणि लेकराच्या स्वतःच्या नावाचं खातं आधारशी जोडलेलं. दोन वर्षं व्यवहार झाला नाही तर बँक खातं निष्क्रिय होतं. मग शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी पैसे अडकतात.

मोबाईलवरच्या कर्जाबद्दल पोरांना स्पष्ट सांगा. पाच मिनिटांत कर्ज देणारं ॲप आधी फोनमधले सगळे नंबर घेतं आणि मग नातेवाइकांना फोन लावून बदनामीची धमकी देतं. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या नंबरवर कळवायचं. आणि लेकरू फसलं तर त्याला झोडपू नका. भीतीने लपवलं की एक हजाराचे दहा हजार होतात.

शेवटी गटासाठी एक प्रस्ताव. दहा बायांच्या गटाने नेहमीच्या बचतीशिवाय दर आठवड्याला प्रत्येकी २० रुपये शिक्षणाच्या डब्यात टाकले तर वर्षाला १०,४०० रुपये होतात. हा डबा फक्त जून ते दिवाळीच्या फटीसाठी. ज्या घरची शिष्यवृत्ती यायची आहे तिला यातून खोलीभाड्यापुरतं द्यायचं आणि पैसे आले की तिने आधी डबा भरायचा. व्याज किती, ते तुम्हीच बैठकीत ठरवा. दोन-तीन पोरींचं अडलेलं भाडं यातून निघू शकतं. तेवढ्याने त्या दिवाळीनंतरही परत कॉलेजला जातील.

पुढच्या बैठकीला एक कागद घेऊन या. त्यावर बारा महिने लिहा. प्रत्येक महिन्यापुढे घरात पैसा कुठून येतो आणि शिकणाऱ्या लेकराला किती लागतो ते लिहा. लिहिता येत नसेल तर पोरीकडूनच लिहून घ्या. रिकामे महिने दिसले की त्यावर गोल करा. त्या गोलांवरच पुढच्या बैठकीत बोलू.